वीस घरांचे तांदूळ

दोन वर्षांपूर्वी मला कावीळ झाली होती, असं आपल्या चर्चच्या मंडळीत बहुतेकांना ठाऊक आहे. ती बातमी मीच दिली होती. कावीळ मला कधीच झाली नाही. मला क्षयरोग झाला होता, फुप्फुसांचा, दुसऱ्याला लागणारा. सहा महिने औषधं घेऊन मी पूर्ण बरी झाले. मंडळीच्या मासिकासाठी आजारपणातल्या अनुभवावर लिहा, असं मला तीनदा सांगण्यात आलं आणि तिन्ही वेळा मी वेळ नसल्याचं सांगितलं. वेळ होता. पहिलं वाक्य लिहवत नव्हतं.

ज्यांना आज हाच आजार आहे आणि जे तो लपवून बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आणि एस्तेर मावशींसाठी. त्यांना आता हे वाचता येणार नाही. तसं त्या होत्या तेव्हाही त्यांना वाचता येत नव्हतं.

*

खोकला जानेवारीपासून होता. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्यामुळे खोकल्याचं कारण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. जुन्या पुस्तकांवर धूळ असतेच. संध्याकाळी बारीक ताप यायचा, त्याला मी थकवा म्हणायचे. ब्लाउज सैल झाले तेव्हा एका सहकारी बाईंनी डाएटबद्दल विचारलं आणि मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

आमचं घर अंबरनाथला, पण थुंकीची तपासणी मी उल्हासनगरला केली. अंबरनाथच्या दवाखान्यात कोणी ना कोणी ओळखीचं भेटतं. अहवाल सांगणारी डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने फार शांतपणे सांगितलं की हा बरा होणारा आजार आहे, गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, सुरुवातीचे काही आठवडे मास्क लावायचा आणि घरातल्यांची तपासणी करून घ्यायची. मी मान हलवत होते. माझ्या डोक्यात एकच विचार चालला होता, आणि तो मृत्यूचा नव्हता. हे मंडळीत कळलं तर काय, एवढाच तो होता.

स्नेहलसाठी, माझ्या मुलीसाठी, तेव्हा बदलापूरच्या एका चांगल्या घरातून विचारणा झाली होती. मी स्वतःला सांगितलं की लपवायचं ते तिच्यासाठी. रविवारी उपासनेला गेले नाही म्हणून पाळकसाहेबांचा फोन आला. प्रार्थना करायची तर आजार काय आहे, असं त्यांनी आपुलकीनं विचारलं. मी म्हणाले, कावीळ.

प्रदीप, माझे पती, शेजारी उभे होते. मी फोन ठेवला. मग ते म्हणाले, "आता मलाही तेच सांगावं लागणार."

प्रदीप आणि स्नेहल, दोघांचीही तपासणी झाली, दोघेही सुटले. स्नेहलला महिनाभर तिच्या आत्याकडे बदलापूरला पाठवायचं ठरलं. बॅग भरता भरता ती म्हणाली, "मम्मी, माझ्या लग्नाचं कारण पुढे करू नको. तुला सांगायचं नाहीये, एवढंच बोल ना." तिला उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली.

*

एस्तेर मावशी कोण हे जुन्या लोकांना सांगायला नको. नव्यांसाठी सांगते. त्या मूळच्या नगरकडच्या. नवरा इथल्या एका कारखान्यात वॉचमन होता, तो जाऊनही पंचवीस वर्षं झालेली. स्टेशनच्या पश्चिमेला चाळीत एक खोली, मूलबाळ नाही. मंडळीत त्यांचं काम एकच. त्या मूठ गोळा करायच्या.

मूठ म्हणजे आपल्या बायकांची जुनी रीत. भाताचे तांदूळ घेताना एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. शनिवारी एस्तेर मावशी कापडी पिशवी घेऊन यायच्या आणि डबा रिकामा करून न्यायच्या. अशी वीसेक घरं होती. ते सगळे तांदूळ एकत्र करून, ज्या घरात आजारपण असेल त्या घरी द्यायचे. कुठेच आजारपण नसेल तर मंडळीच्या जेवणाला.

आमच्या घरी तांदळाचे दोन डबे होते. एकात कोलम, आमच्या जेवणाचा. दुसऱ्यात कणी, तुटलेल्या तांदळाची. ती मी इडलीसाठी आणायचे आणि मूठ टाकायची ती त्याच डब्यातून. रोज, न चुकता. रविवारच्या शब्बाथशाळेत मुलांना मी बारा वर्षं शिकवलं. दुष्काळात शेवटचं मूठभर पीठ आधी देवाच्या माणसाला देणाऱ्या विधवेची गोष्ट मी अनेकदा रंगवून सांगितली आहे. त्या बाईच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही, असं सांगताना मी हाताची मूठ करून दाखवायचे. ती मूठ कणीच्या डब्यातली असते, हे मुलांना कुठून कळणार?

*

कावीळ झाल्याचं कळल्यावर दुसऱ्याच दिवशी मावशी तीन मजले चढून आल्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. हातात रबर लावलेली उसाच्या रसाची पिशवी आणि खांद्याला तांदळाची.

"सलाम बाई. कावीळ हाय म्हनं. रस प्या, बर्फ न्हाई घातलेला."

दिवस उन्हाळ्याचे होते. त्या पश्चिमेकडून पूल ओलांडून यायच्या, पूर्वेच्या गाडीवरून रस घ्यायच्या आणि माझ्याकडे यायच्या. रोज. खुर्ची ओढून माझ्या बिछान्याला खेटून बसायच्या. कधी गीत म्हणायच्या, कधी नुसत्या बसायच्या, कधी चाळीतल्या भांडणांची बातमी द्यायच्या. त्या गेल्या की रस मी मोरीत ओतायचे. गोळ्यांनी तोंड कडू झालेलं असायचं आणि मला कावीळ नव्हती.

आता मी जे लिहिणार आहे ते माझ्या नवऱ्यालाही कालच सांगितलं.

कावीळ झालेली बाई मास्क कशाला लावेल? म्हणून मावशींची चप्पल जिन्यात वाजली की मी तोंडावरचा मास्क काढून उशीखाली ठेवायचे. माझ्या उपचाराचे ते पहिले दिवस होते. मी खोकताना तोंडावर पदर धरायचे, खिडकी उघडी ठेवायचे, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर एक म्हातारी बाई डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना करत असायची.

*

दर पंधरा दिवसांनी मी उल्हासनगरच्या सरकारी केंद्रावर जायचे. लाकडी बाकावर रांग असायची. तिथे शहाडच्या कारखान्यात काम करणारा एक माणूस नेहमी भेटायचा. त्याने पहिल्याच दिवशी माझा चेहरा पाहून हळूच विचारलं, "मॅडम, लघवी लाल झाली ना? टेन्शन नका घेऊ, औषधाचा कलर आहे. मी तर अर्धा दिवस मृत्युपत्र करत बसलो होतो."

मी कित्येक दिवसांनी हसले. त्याने कामावर सगळ्यांना सांगून टाकलं होतं. "आता डबा खायला बाजूला कोणी बसत नाही," तो म्हणाला, "पण पंख्याखालची जागा कायमची माझी." मला त्याचा हेवा वाटला. मी पुस्तकं वाचलेली बाई. क्षयरोग हा शाप नाही, पाप नाही, यावर मी एक छोटं भाषण देऊ शकले असते. ते भाषण मला स्वतःला ऐकवता येत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला तिथल्या सिस्टरने वही उघडून पुन्हा विचारलं, "नवरा आणि मुलगी झाली. तुमच्या जवळ बसणारं आणखी कोणी? कामवाली, शेजारी, नातलग?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

सिस्टरने त्या ओळीवर आडवी रेघ मारली. ती रेघ मला अजून दिसते.

*

तांदळाचं सांगते. पहिल्या पिशवीतले तांदूळ मी ताटात ओतून पाहिले. वीस घरांचे वीस तऱ्हेचे दाणे. लांब, आखूड, पिवळट, गुलाबी धारीचा जाडा, रेशनचा. आणि सगळ्यांच्या मधून पांढरी बारीक कणी. ती मी ओळखली. बाकी कोणाच्या घरून कणी येत नसावी.

तरीही भात लावला. कुकर उघडला तर कणीचा लगदा झालेला, कोलमचे दाणे फुटलेले आणि जाडा तांदूळ दाताखाली कचकन वाजणारा. तोंडाला चव नसलेल्या माणसाला अशा वेळी राग यायला एवढं पुरतं. प्रदीप म्हणाले, खाऊ नको, कोलमचा लावतो मी. उरलेले तांदूळ मी गच्चीवर कबुतरांना टाकायला सांगितले. पुढच्या शनिवारची पिशवीही तशीच गेली. त्याच्या पुढचीही निम्मी.

तिसऱ्या आठवड्यात मावशींनी रसाचा पेला माझ्या हातात देत विचारलं, "तांदूळ शिजतोय का नीट?"

"हो मावशी. छान होतो भात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसल्या. त्यांना पुढचे दोनच दात होते, ते दिसले.

"त्याचा भात छान व्हत न्हाई बाई. कुनाचाच व्हत न्हाई. वीस घरचा तांदूळ एका वाफंत कसा शिजंल? त्याची पेज करायची असती."

त्यांनी माझ्या पायावरची चादर नीट केली आणि त्याच आवाजात म्हणाल्या, "आन् कावीळ बी न्हाई तुमाला."

खाली रस्त्यावर कोणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं. ते सगळं बोलणं मी ऐकलं, शब्द न् शब्द, कारण मला मावशींकडे बघायचं नव्हतं. शेवटी विचारलं, कधीपासून माहीत आहे.

"दुसऱ्या दिसापासनं. आमच्या मालकांना हेच झालतं. तो खोकला मी अंधारात बी वळखीन. आन् तुमच्या गालावर मास्कच्या दोरीचा वळ असतोय. माझ्यासाठी काढू नका बाई. लावा."

"मग रस का आणत होता?"

"मंडळीच्या बाया खाली भेटत्यात ना. हातात रस दिसला की कोन काय इचारत न्हाई."

म्हणजे तीन आठवडे एक म्हातारी बाई उन्हातून माझं खोटं हातात धरून चालत होती, लोकांना लांबून दिसेल असं. आणि मी ते मोरीत ओतत होते.

मग मी रडत सगळं सांगितलं. कबुतरं, रस, दोन डबे, कणी. कणीचं सांगताना सगळ्यात जास्त लाज वाटली, का ते मला आजही नीट सांगता येत नाही. मावशींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "कनी तुमची हाय, ते ठाव हाय मला. डबा मीच रिकामा करती की. कनी असली म्हनून तर पेज दाट होती. नुसत्या जाड्या तांदळाचं पानीच ऱ्हातं."

मी त्यांना विचारलं की आजार माहीत असून तुम्ही इतक्या जवळ का बसत होता, भीती नाही वाटली?

"माझ्यापाशी हाय काय बाई? दोन पाय आन् एक मूठ. तेवढं त्याला देऊन टाकलंय. आता कमी पडलं तर त्यानं बघावं. मी कशाला राखू?"

हे वाक्य मंडळीत पुष्कळांना आवडेल, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहिते. विश्वास त्यांचा होता. त्यांना धोक्यात मी घातलं होतं. त्यांच्या विश्वासाचा आधार घेऊन माझी चूक लहान करता येणार नाही. ज्यांना हा आजार आहे त्यांनी मास्क लावावा आणि जवळ बसणाऱ्यांची नावं द्यावीत. देवावर भरवसा ठेवणाऱ्यांची आधी द्यावीत, कारण ती माणसं जवळ बसतात.

*

त्या दिवशी प्रदीपनी उरलेल्या निम्म्या तांदळाची पेज केली. मावशी स्वयंपाकघराच्या दारातून सांगत होत्या. तांदूळ तासभर भिजवायचा, पाणी भाताला घालतो त्याच्या दुणं-तिणं घालायचं, झाकण अर्धं ठेवायचं, घाई करायची नाही. मी मास्क लावून लांबून ऐकत होते. जाडा दाणा मऊ झाला, कणी विरघळून गेली, आणि मीठ घालून मी वाटीभर प्यायले. तीन आठवड्यांत चवीनं पोटात गेलेलं ते पहिलं अन्न.

असं सगळं झाल्यावर मी दुसऱ्याच दिवशी केंद्रावर जाऊन मावशींचं नाव द्यायला हवं होतं. नाही दिलं. नाव दिलं की कोणीतरी चाळीत जाईल, चौकशी होईल, कोणामुळे ते निघेल. आणखी बारा दिवस मी वाट पाहिली, माझी ठरलेली तारीख येईपर्यंत. सिस्टरने वहीतली रेघ पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि रेघेच्या वर बारीक अक्षरात नाव लिहिलं. "हे तेव्हाच सांगायचं होतं ना, मॅडम," एवढंच म्हणाली. ग्रंथालयात पुस्तक उशिरा आणणाऱ्या मुलांना मी याहून जास्त बोलते.

मावशींना मीच रिक्षातून तपासणीला नेलं. एक्स-रे स्वच्छ निघाला. थुंकीही स्वच्छ. त्या यंत्रापुढे उभ्या राहून एवढ्या खूश होत्या की जणू फोटो काढायला आल्या आहेत. मी बाहेर बाकावर बसून प्रभूचे आभार मानले आणि मानता मानता लक्षात आलं की मी त्यांच्यासाठी कमी आणि स्वतःच्या सुटकेसाठी जास्त मानते आहे.

*

माझी औषधं पावसाळा सरता सरता संपली. बदलापूरच्या घरून पुढे काही आलं नाही. त्याचा माझ्या आजाराशी संबंध नव्हता, मुलगा परदेशी गेला. स्नेहल म्हणाली, "बघ, उगाच गेला तुझा उसाचा रस."

मूठ मी कोलमच्या डब्यातून टाकू लागले. पुढच्याच शनिवारी मावशींनी डबा उघडून तांदूळ तळहातावर घेतला आणि तोंड वाकडं केलं. "थोडी कनी बी टाकत जा बाई," म्हणाल्या. तेव्हापासून दोन्ही टाकते.

एस्तेर मावशी मागच्या हिवाळ्यात गेल्या. सकाळी नळाला पाणी आलं तरी दार उघडलं नाही म्हणून शेजारणीने पाहिलं. हृदय थांबलं होतं. खोली आवरायला आम्ही चौघी गेलो. शेजारीण म्हणाली की त्यांच्याकडे तांदूळ मोजायला मापच नव्हतं. दोन मुठी चुलीवर, एक मूठ डब्यात. आधी डब्यात, मग चुलीवर. मी तो डबा उघडला. रेशनचा जाडा तांदूळ, निवडलेला. एक खडा सापडला नाही.

स्मरणाच्या उपासनेत ज्याला साक्ष द्यायची त्याने पुढे यावं, असं पाळकसाहेब म्हणाले. मी गेले. घरून ठरवून गेले होते. मी रसाबद्दल सांगितलं, पेजेबद्दल सांगितलं, तीन मजल्यांबद्दल सांगितलं. आणि मग समोर सगळे बसलेले पाहिले आणि म्हणाले, "माझ्या काविळीच्या वेळी."

माझ्या घराबाहेर खरं माहीत असणारी मंडळीतली एकमेव बाई आता नव्हती. तिच्याच स्मरणसभेत मी तिला पुन्हा रस घेऊन उन्हातून चालायला लावलं. परत येऊन जागेवर बसले तेव्हा प्रदीपनी माझा हात धरला नाही. बरोबर केलं त्यांनी.

*

आता मूठ मी गोळा करते. कोणी सांगितलं नाही, खोली आवरताना मावशींची पिशवी माझ्याकडे आली होती म्हणून सुरू केलं. गेल्या महिन्यात सोनिवलीच्या नव्या इमारतींमध्ये राहायला आलेल्या एका कुटुंबात आजारपण असल्याचं कळलं. मी तांदूळ घेऊन गेले. तिशीतली बाई होती. दार अर्धंच उघडलं. तिने ओढणी नाकावरून घट्ट घेतली होती. म्हणाली, टायफॉइड आहे, तुम्ही आत नका येऊ.

मावशी असत्या तर त्यांनी काही विचारलं नसतं. मीही नाही विचारलं. पण मला तेवढी शांतता जमत नाही, म्हणून मी दोन पावलं मागे सरून, मास्क लावून, तिथेच जिन्यात म्हणाले की मला क्षय झाला होता, सहा महिन्यांत बरी झाले, आणि मी कावीळ सांगत होते.

तिने ओढणी पुन्हा सारखी केली. मग म्हणाली, "मंडळीत माहीत आहे हे?"

"नाही."

"मग मलाच का सांगताय?"

मी म्हणाले की पुढच्या महिन्यात मासिकातून सगळ्यांना माहीत होईल. तोपर्यंत असं काही मी ठरवलेलं नव्हतं. बोलून गेले आणि मग परत घेता आलं नाही.

तिने हात लांब करून पिशवी घेतली. तोंड उघडून आत पाहिलं, बोटांनी थोडं चाळवलं.

"यात कणी फार दिसतेय," ती म्हणाली.

"ती माझी आहे," मी म्हणाले. "भात लावू नका. पेज करा. दाट होते."